भट्टीतली अस्तरं

कात्रजच्या आमच्या बेकरीवाल्या काकांचं नाव मला अजून ठाऊक नाही. दिवाळीत आम्ही घरचं पीठ-तूप त्यांच्याकडे देतो आणि ते नानकटाई भाजून देतात. जानेवारीत गुलमर्गला स्कीइंगला जायचं होतं, म्हणून मी त्यांच्याकडे बर्फावर घसरायच्या बुटांची अस्तरं घेऊन गेलो.

"ही गरम करून बुटात घालायची आणि लगेच पाय घालून उभं राहायचं, म्हणजे पायाच्या आकाराची होतात," मी समजावलं. "घरी ओव्हन नाही हो."

काकांनी चष्मा कपाळावर चढवून अस्तराचा वास घेतला.

"कुणी घातलेली?"

"कोरी आहेत."

"मग ट्रे घरून आणा. आमच्या ट्रेत खायचं भाजतात."

मी आणला. पाव निघून भट्टीची आच उतरल्यावर त्यांनी तो आत सरकवला. दहा मिनिटांनी नानकटाई दाबावी तसं अस्तर अंगठ्यानं दाबून म्हणाले, "घाला."

मी अस्तरं सोबत आणलेल्या बुटांत घातली आणि बूट आवळून काउंटरशेजारी उभा राहिलो.

"आता हलायचं नाही. गरम असताना हलवलं की माल बिघडतो."

पाव घ्यायला आलेल्या आजींनी विचारलं, "यांना काय झालंय?"

"काही नाही. गार होतायत."

गुलमर्गला मी सारखा पडत होतो, पण बूट कुठंही चावला नाही. परत आल्यावर काकांना हे दोन्ही मुद्दाम जाऊन सांगितलं. पाव बांधता बांधता, मान वर न करता ते म्हणाले, "भाजून द्यायचं काम आमचं. उभं राहायचं तुमचं तुम्ही बघा."