ठरलेला खाडा

लग्न होऊन मी हसनाबादहून जालन्याला आले, तेव्हा नवरा कारखान्यात आहे म्हणून माहेरी केवढं कौतुक! कारखान्यातला खरा, पण फाटकाबाहेरचा. लोखंडी सळयांच्या मिलमध्ये हे बदली कामगार होते. पहाटे फाटकापाशी जाऊन उभं राहायचं. मुकादम बाहेर येऊन बोट दाखवायचा, "तू, तू आन् तू." बोट आलं तर काम, नाही तर घरी परत.

त्या बोटानं यांची झोप उडवली. जाग येणार नाही या धास्तीनं हे कामाचे कपडे घालूनच आडवे व्हायचे. डोळा लागला की दचकून उठून विचारायचे, "उजाडलं का?" मी म्हणायची, "सूर्य काय तुम्हाला इचारून उगवणार हाये? झोपा." पूर्वी अशा बोलण्यावर हसायचे, आता हसेनात. दिवसाही पडल्या पडल्या छताकडं बघत राहायचे. एकदा आमच्या लहानग्या पोरीच्या हातून तांब्या पडला, तर तिच्या अंगावर धावून गेले आणि मग तिलाच पोटाशी धरून रडले. मला फार भीती वाटली. हा माणूस हातचा जाईल असं वाटलं.

शेजारीण म्हणाली, नजर लागली. मी मीठमिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. असा ठसका उठला की सारी गल्ली खोकली. नजर असली की ठसका येत नाही म्हणतात; म्हणजे नजरबिजर काही नव्हती.

आठवड्यातून एक दिवस कारखान्यांची वीज बंद असायची, त्या दिवशी मिलला सुट्टी. वस्तीतल्या लेकरांनाही तो वार पाठ होता. हे त्या दिवशीही गेले. ऊन चढल्यावर म्हातारा वॉचमन यांना दंडाला धरून घरी घेऊन आला.

"बाई, मिल बंद, अन् हे एकटेच फाटकाकडं तोंड करून उभे. सुट्टी हाये म्हणलं तर ऐकून न्हाई राह्यले."

मी त्याच्यासमोरच रडले.

संध्याकाळी बरोबरचे बदलीवाले आले. चेष्टा करायला आले असतील म्हणून मी तोंड वाकडं करूनच चहा ठेवला. पण कुणी हसलं नाही. एक म्हणाला, मी तर फाटकासमोरच्या खडीवरच झोपतो. दुसऱ्याला घास गिळवत नव्हता. ऐकता ऐकता माझं डोकंच फिरलं.

"तुम्ही सगळी शेतकऱ्याची लेकरं ना? सामाईक विहिरीवर मोटार लावायला रोज सकाळी भांडता का?"

"न्हाई वहिनी. ज्याचा वार, त्याचं पाणी."

"मंग कामाला वार लावा की!"

"मुकादम ऐकंल का?" कुणीतरी विचारलं.

किती दिवसांनी यांचा आवाज नीट निघाला. "ऐकंल. त्याला लागतात तेवढीच माणसं फाटकावर दिसली, तर बोट कोणाला दाखवंल?"

बदलीवाल्यांनी आपसात वार वाटून घेतले. मुकादम आधी गुरगुरला. पण रोजची चढाओढ आणि वशिले थांबल्यावर तोही निवळला. काम काही वाढलं नाही. खाडे तेवढेच पडायचे, फक्त उद्या खाडा आहे हे आदल्या दिवशीच माहीत असायचं. सुरुवातीला खाड्याच्या दिवशीही हे पहाटेच उठून उंबऱ्यावर बसायचे. मी शेजारी जाऊन बसायची. हळूहळू अंगावरचे कामाचे कपडे खुंटीवर गेले.

अशाच एका खाड्याच्या सकाळी मुकादमाचा माणूस सायकलवरून आला.

"वहिनी, उठवा त्यांना जल्दी. माणूस कमी पडलाय. आज काम पक्कं."

आत हे तोंड उघडं टाकून घोरत होते. पायांवर ऊन आलं होतं, पोरगी बाजूला खेळत होती, तरी जाग नाही. घरात त्या मजुरीची गरज होतीच. मी दाराच्या चौकटीत आडवी उभी राहिले.

"आज त्यांचा वार न्हाई, भाऊ. झोपलेत. ज्याचा वार असंल, त्याला बघा."

तो जरा घुटमळला आणि गेला. ती मजुरी बुडाली, त्याचं मला आजतागायत वाईट वाटलेलं नाही.