शुभांगीची सटाण्याची वाट

शुभांगीचा डावा पाय लहानपणीच पोलिओनं गेला. एसटीत चढायचं म्हणजे दोन माणसांनी उचलायचं. नाशिकला पंचवटीत तिचं शिवणकामाचं दुकान, लग्न केलेलं नाही. आई रंगूबाई सटाण्याजवळ शुभांगीच्या भावाकडे, अमितकडे. वर्षातून एकदा भेट झाली तर झाली.

पन्नाशीला तिनं जुनी इलेक्ट्रिक गाडी घेतली. क्लच नाही, गिअर नाही. एका उजव्या पायावर चालायची. पहिल्या रविवारी लेक एकटी गाडी चालवत दारात आलेली बघून रंगूबाई रडायलाच लागल्या. मग दर रविवारी शुभांगी जायची, आईला शेजारी बसवून कांद्याच्या मळ्यांतून फिरवायची.

उन्हाळ्यात बॅटरी भराभर उतरू लागली. पूर्वी एका दमात सटाणा गाठणारी गाडी चांदवडलाच थकायची. गॅरेजवाल्या बुद्धभूषणनं मशीन लावून तपासलं.

"ताई, पहिल्या मालकानं ही भाड्यावर पळवली. रोज फास्ट चार्जिंग, दिवसभर उन्हात. आतून खचलीय."

"नीट जपली तर?"

"उतरणं जरा हळू होईल. गेलं ते परत येत नाही. वॉरंटीही संपलीय, आणि नवी बॅटरी गाडीपेक्षा महाग."

तरी ती जपत राहिली. ऐंशी टक्क्यांवर चार्जिंग बंद करायची, वीसच्या खाली उतरू द्यायची नाही, दुकानापुढं पत्रा टाकून गाडी सावलीत ठेवायची. पण सटाण्याला जायचं तर वाटेत फास्ट चार्जिंग लागायचंच. आईकडची प्रत्येक फेरी बॅटरीला आणखी खात होती, हे तिला कळत होतं. ती जात राहिली.

पावसाळ्यात देवळ्याच्या अलीकडे घाटात गाडी बंद पडली. टोचन लावून, दुसऱ्या गाडीनं ओढत आणावी लागली. भाऊ अमित फोनवर म्हणाला, "आता येऊ नको. रस्त्यात काही झालं तर तुला उतरून चालताही येणार नाही." त्यानंतर ती भाड्याची गाडी करून दोनदा गेली, पुढं ते भाडंही परवडेना.

रंगूबाईंना हळूहळू विसर पडू लागला. दिवाळीत अमितनं त्यांच्या हातात फोन दिला.

"आई, मी शुभी."

"कोन शे?" पलीकडून आवाज आला. "मना रविवार कधी येई?"

शुभांगीनं फोन कानाला तसाच धरून ठेवला. आपला रविवार कधी येणार, हेच रंगूबाई आता अमितला विचारत होत्या, मग फोन बंद झाला.

गाडी आता भाजीबाजारापर्यंत जाते आणि परत येते.