विमलाबाईंनी छापलेलं लग्न

इंग्लंडात, कॉव्हेंट्रीतल्या आमच्या एचिंगच्या, म्हणजे पत्र्यावर चित्र कोरून ते कागदावर छापायच्या क्लासला विमलाबाई त्रेसष्टाव्या वर्षी आल्या. आल्या आल्या म्हणाल्या, "फुलंपानं मला नकोत. मला लग्न कोरायचंय." लग्न त्यांचं स्वतःचंच होतं, भीमरावांशी ठरलेलं.

दोघांचे जोडीदार जाऊन बरीच वर्षं झाली होती. भीमराव निवृत्त बसड्रायव्हर, शांत माणूस. अडचण विमलाबाईंच्या मुलाची, प्रमोदची. तो म्हणाला होता, "आई, रजिस्टर ऑफिसमध्ये क्वाएटली उरकून टाक ना. विहारात कशाला? लोक काय म्हणतील?" आईच्या लग्नाला त्याची ना नव्हती, ते फक्त कुणाला दिसायला नको होतं. मला तर याचीच जास्त चीड आली.

शिक्षिकेने नमुना म्हणून युरोपातल्या बरोक काळातल्या, म्हणजे सतराव्या शतकातल्या एका राजेशाही लग्नाचं एचिंग समोर ठेवलं. उंच खांब, चर्चच्या वेदीसमोर गुडघे टेकलेले राजाराणी आणि वर सज्जांपर्यंत माणसंच माणसं.

"एवढी गर्दी कशाला कोरली?" विमलाबाईंनी विचारलं. जे आले नाहीत त्यांनाही लग्न कळावं म्हणून अशी चित्रं छापून वाटायचे, असं शिक्षिकेने सांगितलं.

"मग बरोबर आहे," म्हणत त्यांनी मेण लावलेला तांब्याचा पत्रा पुढे ओढला.

वेदीच्या जागी त्यांनी बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो कोरला. राजाराणीच्या जागी पांढऱ्या कपड्यांत भीमराव आणि त्या, सज्जात विहारातल्या बायका. पुढच्या रांगेत एक खुर्ची रिकामी. छापताना चित्र उलटं येतं हे त्या विसरल्या, त्यामुळे लग्नाची तारीख उलटी उमटली. "आरशात बघून वाचतील," म्हणाल्या आणि तशाच प्रती वाटल्या. पहिली प्रमोदला.

"ही चेअर माझी?" त्याने विचारलं.

"तुझी. आलास तर तुला कोरेन. नाही आलास तरी लग्न आहे."

लग्नाच्या दिवशी विहारात त्रिशरणाचं पठण सुरू झालं तरी खुर्ची रिकामीच होती. हार घालायच्या वेळी मला प्रमोद दिसला, दाराशी, ओल्या कोटात. तो पुढे आला नाही, पण गेलाही नाही. विमलाबाईंनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि भीमरावांच्या गळ्यात हार घातला.

पुढच्या क्लासला त्यांनी तोच पत्रा परत काढला. एचिंगचं एक बरं असतं, छापून झाल्यावरही त्यात भर घालता येते. त्यांनी प्रमोदला कोरलं, अगदी मागे, दाराशी.

"अहो, खुर्चीत बसवा की त्याला," मी म्हटलं.

"तो बसला कुठे?" विमलाबाई म्हणाल्या. "उभा होता. बसेल तेव्हा तसा कोरेन."