सापाचे उपकार

जगात सापाचे उपकार मानणारी माणसं फार नसतील. एक मात्र आहे, आणि त्याचं दाढी-कटिंगचं दुकान आहे. त्याला सगळे रेशीम म्हणतात. वस्तरा फिरतोय की नुसता वारा लागतोय हे गिऱ्हाइकाला कळू नये, असा त्याचा हात. दोन खुर्च्या, लांब आरसा आणि भिंतीला लागून वाट पाहणाऱ्यांचं बाकडं, एवढ्यावर त्याने वीस वर्षं काढली. तोंडाने बडबड आणि हाताने काम, दोन्ही एकदमच चालायचं.

चाळिशी ओलांडली आणि त्याची दुपार बिघडली. सकाळी गडी ठणठणीत. दोन वाजले की डावी पापणी खाली यायची, तीनला उजवी. चारच्या सुमाराला जीभ जड व्हायची आणि हात खांद्यापासून गळून जायचे. डोळे अर्धे मिटलेले, बोलणं बोबडं, हात ढिला. अशा माणसाबद्दल लोक जे म्हणतात तेच म्हणाले. रेशीमने आयुष्यात दारूच्या थेंबाला शिवलं नव्हतं, पण साप साप म्हणून भुई धोपटणाऱ्यांना साप दिसावाच लागतो असं थोडंच आहे. दुपारचं बाकडं ओस पडू लागलं.

कळस झाला तो सासऱ्यांच्या दाढीला. सासरे निवृत्त मास्तर, शब्दाला आणि इस्त्रीला सारखेच कडक. एका दुपारी साडेचारला ते खुर्चीत बसले आणि हनुवटीखाली वस्तरा जरासा लागला. मास्तरांनी टॉवेल काढला, जावयाच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि एका गालावरचा साबण तसाच ठेवून ते भर रस्त्याने घरी चालते झाले. दारातून एवढंच म्हणाले, "जावईबापू, प्यायचीच असेल तर दुकान बंद करून प्या. कुणाचा तरी गळा कापाल."

रेशीमच्या ते जिव्हारी लागलं, कारण निम्मं खरं होतं. हात कशाने गळतो ते कळलं नाही, तर वस्तरा कायमचा खाली ठेवावा लागणार होता. आणि ठेवला तरी दारुडा हे नाव काही सुटणार नव्हतं.

त्याला वाचवलं ते बायकोच्या नाकाने. तीही मास्तरांचीच लेक. महिनाभर, तो घरात पाऊल टाकताच ती काहीतरी निमित्त काढून जवळ यायची आणि हळूच वास घ्यायची. साबण, पावडर, तुरटी. चौथा वास कधी आला नाही. मग एकदा जेवताना तिने पाहिलं, नवरा खालचा जबडा हाताने वर ढकलून घास चावत होता.

"अहो, हे कधीपासून?"

"झाले तीन-चार महिने. चावून चावून दमायला होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलूनही दमायला होतं."

तिला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप लावून ती त्याला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी त्याला मिनिटभर नजर छताला लावून बसायला सांगितलं. मिनिट भरायच्या आतच दोन्ही पापण्या दुकानाच्या शटरसारख्या खाली आल्या. डॉक्टरांनी मान हलवली आणि रक्त तपासायला पाठवलं.

दोन आठवड्यांनी नवरा-बायको अहवाल घ्यायला गेले. तपासणी करणाऱ्या बाई जाड चष्म्याच्या, विचारलं तर समजावून सांगणाऱ्या. "आजार सापडला," त्या म्हणाल्या. "सापाच्या विषाने पकडून दिला."

"म्हणजे मला साप चावला होता?" रेशीमने विचारलं. बायकोने कपाळाला हात लावला.

"नाही हो. विष आमच्या नळीत होतं, तुमच्या अंगात नाही. हे बघा, हात हलवायचा तर मज्जातंतूच्या टोकाशी एक रसायन सुटतं. ते स्नायूवरच्या रिसेप्टरवर जाऊन बसलं की स्नायू हलतो."

रेशीमने जरा विचार केला. "म्हणजे रसायन हे गिऱ्हाईक आणि रिसेप्टर म्हणजे माझ्या खुर्च्या."

"अगदी तसंच. आता मण्यारीच्या जातीचा एक साप आहे. त्याच्या विषातलं एक प्रथिन नेमकं त्याच खुर्चीवर बसतं आणि उठायचं नावच घेत नाही. खऱ्या गिऱ्हाइकाला मग जागाच नाही. चावलेल्या माणसाच्या पापण्या आधी पडतात, मग घसा धरतो, मग श्वास थांबतो."

"पण मला तर चावला नाही म्हणता."

"तुमच्याकडे वेगळी तऱ्हा आहे. रोगांशी लढायला रक्तात जे रक्षक असतात, तेच तुमच्या खुर्च्या मोडतायत. खुर्ची डोळ्यांना दिसत नाही, पण हे विष तिला बरोब्बर शोधतं, दुसऱ्या कशाला हातही लावत नाही. म्हणून आम्ही विषाला खूण लावतो, नळीतल्या खुर्च्यांवर बसवतो आणि वर तुमच्या रक्तातलं पाणी घालतो. रक्षकांनी खुर्ची धरून खाली खेचली, की बसलेली खूणही खाली येते. तुमच्या नळीत भरपूर आली."

"कुंपणच शेत खातंय म्हणा की," बायको म्हणाली.

"हो. आता डॉक्टर रक्षकांना आवरायचं औषध देतील. आणि एक गोळी देतील, तिने गिऱ्हाईक दुकानात जास्त वेळ टिकतं. शिल्लक खुर्च्यांवर त्याला पाळी मिळते."

रेशीमने अहवालाची घडी करून खिशात ठेवली. आपण वाईट नाही, आजारी आहोत, हे ऐकून एखाद्याला इतकं बरं वाटावं याचं त्यालाच नवल वाटत होतं. मग त्याने विचारलं, "तो साप कुठे भेटेल?"

"का हो?"

"आभार मानायचे होते."

बाई हसल्या आणि त्यांनी अंगठ्याएवढी एक रिकामी बाटली समोर ठेवली. "साप नाही, एवढंच येतं आमच्याकडे." रेशीमने बाटलीला थँक्यू म्हटलं. बाटलीने काही उत्तर दिलं नाही, म्हणून मग बाईंनाही म्हटलं.

गोळ्यांनी आजार गेला नाही, पण दुपार परत आली. पहिल्या आठवड्यात रेशीमने घरी बसून भाकरी नीट चावून खाल्ली आणि बायकोला म्हणाला, "तू वास घ्यायचीस ते मला कळायचं." ती ओशाळली. तो म्हणाला, "बरं झालं घेतलास. दुसरं कुणी इतकं जवळ आलंच नाही."

अहवाल मास्तरांकडेही गेला. त्यांनी तो दोनदा वाचला, शुद्धलेखनाची एक चूक काढली आणि तो लेकीच्या हातात परत दिला.

पुढच्या गुरुवारी दुपारी साडेचारला ते दुकानात आले. बाकड्यावर तिघे बसले होते, तिघांची बोलणी थांबली.

"बाबा, सकाळी या ना," रेशीम म्हणाला. "सकाळी हात जास्त चांगला असतो."

"मला आत्ताच वेळ आहे," निवृत्त मास्तर म्हणाले आणि खुर्चीत टेकले.

रेशीमने साबण फेसाळला, पातं बदललं. मास्तरांनी मान मागे टाकून गळा वर केला. बाकड्यावरचे तिघे बघत राहिले. एक गाल झाला, दुसरा झाला. मास्तर काहीतरी बोलतील म्हणून रेशीम वाट पाहत होता, तेवढ्यात त्याला घोरणं ऐकू आलं. त्याने हात थांबवला. डोळे पाण्याने भरले होते, ते त्याने बाहीला पुसले, आणि मग हनुवटीखालची दाढी त्यांना जाग येऊ न देता केली.