एकाच सहीचा अर्ज

शैलाताई गेल्या त्या सकाळी मी न्यू लिनमधल्या माझ्या भाड्याच्या किचनमध्ये डब्यांच्या पोळ्या लाटत होते. फोन ओट्यावरच होता. ऑकलंडमधल्या आम्हा मराठी मंडळींचा एक ग्रुप आहे, त्यावर कुणीतरी त्यांचा फोटो टाकला आणि खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. पिठाच्या हातानंच मी फोन उचलला. शैला गायकवाड, वय बावन्न, पहाटे हॉस्पिटलमध्ये... आजार माहीत होता, त्यामुळे धक्का बसला असं म्हणणार नाही. धक्का बसला तो फोटोखालच्या पहिल्या मेसेजनं. ‘समाजाची अपरिमित हानी. एक प्रामाणिक सहकारी गमावली.’ लिहिणारा कोण? तर माझ्यासारख्या अनेकांना ज्यानं बुडवलं आणि ज्याच्याविरुद्ध ताई एकट्या भांडल्या, तोच. या गोष्टीला आता दीड महिना झाला. मला अजून धड रडता आलेलं नाही. डोळे भरायच्या आधी डोकं तापतं.

त्याचं नाव इथे छापता येणार नाही. आम्ही सगळे त्याला ‘सर’ म्हणायचो. आम्ही डोंबिवलीहून २०११ मध्ये इथे आलो, माझ्या नवऱ्याला, संजयला, ईस्ट टामाकीतल्या एका कारखान्यात नोकरी लागली आणि दोनेक वर्षांनी मी डब्यांचा व्यवसाय सुरू केला. तो वाढला, तसं जीएसटीचं काम मागे लागलं. कुणाकडे जाऊ, असं ग्रुपवर विचारलं तर दहा जणांनी एकच नाव सांगितलं. सर गोड बोलायचे, गणपतीत पहिल्या रांगेत असायचे, नवीन आलेल्यांना एअरपोर्टवर घ्यायला जायचे. “वहिनी, तुम्ही फक्त पोळ्या करा, बाकी माझ्यावर सोडा,” म्हणाले. आणि मी सोडलं. कर खात्याच्या वेबसाइटवरच्या माझ्या लॉगिनचा पासवर्डसुद्धा देऊन टाकला. दर दोन महिन्यांनी बिलांची पिशवी आणि भरायचे पैसे त्यांच्या हातात द्यायचे. एकदा पावती मागितली तर हसले, “आपल्यात कसली पावती?” लाज त्यांना वाटायला हवी होती, ती मला वाटली. एवढ्यावर थांबले नाही मी. दोन मैत्रिणींनाही त्यांच्याकडे मीच पाठवलं.

शैलाताईंची ओळख डब्यामुळे झाली. त्या मूळ खडकीच्या. पुण्यात एका कर सल्लागाराच्या ऑफिसात त्यांनी पंधरा वर्षं काम केलं होतं, पण नवऱ्याच्या, मिलिंददादांच्या, इंजिनिअरिंगच्या नोकरीमागे इथे आल्यावर तो अनुभव कुणी धरेना. मग दिवसा गोदामात खोकी भरत त्यांनी इथलं शिक्षण नव्यानं घेतलं, कर एजंट म्हणून रीतसर नोंदणी केली आणि घराच्या गॅरेजमध्ये गालिचा टाकून स्वतःचं काम सुरू केलं. एकदा डबा न्यायला आल्या आणि बिल मागितलं. डब्याचं बिल मागणाऱ्या त्या पहिल्याच. बिलावरचा जीएसटी नंबर बघून त्यांनी विचारलं, “रिटर्न कोण भरतं तुमचं?” मी तोऱ्यात सरांचं नाव सांगितलं.

“कर खात्याचं शेवटचं पत्र कधी आलं तुम्हाला?”

“एकही नाही आलं आजवर! सर सगळं बघतात.”

“एकही नाही?” त्यांनी हातातला डबा पुन्हा ओट्यावर ठेवला. “उद्या अकराला माझ्याकडे या. येताना पासपोर्ट आणा.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी कर खात्याचा नंबर लावला, स्पीकर सुरू केला आणि फोन माझ्यापुढे सरकवला. “बोला तुम्ही. व्यवसाय तुमचा आहे.” पलीकडच्या मुलीनं ‘किआ ओरा’ म्हणून अगदी प्रेमानं नमस्कार केला आणि तितक्याच प्रेमानं सांगितलं, की दोन वर्षांत माझं एकही रिटर्न भरलेलं नाही, एकही पैसा जमा नाही आणि सगळी पत्रं माझ्या खात्यावर लावलेल्या एका पोस्टबॉक्सवर गेली आहेत. तो पोस्टबॉक्स माझा नव्हता. मग ताईंनी खात्याच्या वेबसाइटवरची कर एजंटांची यादी उघडली. सरांचं नाव तिथे नव्हतंच. “पण पैसे तर मी दिलेत हो!” मी ओरडलेच. ताई हळू आवाजात म्हणाल्या, “दिलेत. पण ते दिल्याचं तुमच्याकडे काय आहे?” माझ्याकडे काहीच नव्हतं.

त्यांनी मला सावरायला फार वेळ दिला नाही. “खात्यानं आपल्याला गाठायच्या आधी आपणच जाऊन सांगायचं. दंड कमी होतो आणि झोपही लागते.” तो सगळा हिवाळा आम्ही त्या गॅरेजमध्ये बसून बँकेचे कागद आणि मसाल्याच्या वासाची बिलं जुळवली. फी त्यांनी पहिल्याच दिवशी कागदावर लिहून दिली होती. मी रडकुंडीला येऊन जरा कमी करा म्हटलं, तर म्हणाल्या, “कमी नाही करणार आणि वाढवणारही नाही. गोड बोलून फुकट करून देणाऱ्याकडे एकदा जाऊन आलात ना?” खात्यानं हप्ते बांधून दिले. ते फेडायला संजय तीन वर्षं शनिवार-रविवारीही कामावर जात होता. आमच्या मुलीच्या लहानपणातले तेवढे शनिवार-रविवार त्या माणसानं खाल्ले.

पण माझा खरा संताप पुढच्या गोष्टीचा आहे, आणि त्यात मीही आलेच. ताईंनी आणखी फसलेली घरं शोधली. एका रविवारी सात घरांतली माणसं त्या गॅरेजमध्ये जमली. सरांविरुद्ध कर खात्याकडे द्यायचा तक्रार अर्ज तयार होता. “सगळ्यांच्या सह्या असतील तर याला कुणी बाजूला सारू शकणार नाही,” ताई म्हणाल्या. मग एकाला व्हिसाची भीती आठवली. दुसऱ्यांचं सरांच्या घरी गणपतीला जाणंयेणं होतं. तिसरी म्हणाली, “पैसे गेलेच, आता परदेशात आपल्याच माणसाचं नाव कशाला घालवायचं?” आणि मी? मला तर व्हिसाचीसुद्धा भीती नव्हती. मी म्हणाले, “संजयला विचारून सांगते.” कधीच सांगितलं नाही. बाहेर पडताना एक बाई पर्समध्ये किल्ल्या शोधत हळूच म्हणाल्या, “यांना आपल्या माणसाचं चांगलं बघवतच नाही.” यांना म्हणजे कुणाला, ते तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळलं. ताईंच्या घरात दर्शनी भिंतीवर बुद्धाची तसबीर होती... मला कळलं, आणि मी गाडीचं दार उघडून आत बसले.

अर्ज गेला तो ताईंच्या एकट्या सहीनं. उत्तर आलं, की ज्यांचं नुकसान झालं त्यांनी तक्रार करावी. पुढच्या वर्षी इथल्या मराठी मंडळानं सरांना समाजसेवेबद्दल शाल-श्रीफळ दिलं. ताई सभागृहात उभ्या राहिल्या, म्हणाल्या, “मला एक प्रश्न विचारायचाय.” सूत्रसंचालकानं हसून पुढचं गाणं जाहीर केलं. त्या तशाच थोडा वेळ उभ्या होत्या. शेवटी बसल्या. मी चार रांगा मागे होते आणि टाळ्या वाजवत नव्हते, एवढाच माझा पराक्रम.

ताईंना निरोप द्यायला फ्युनरल होममध्ये पाऊणशे माणसं आली. त्रिसरण, पंचशील झालं. मग कुणी दोन शब्द बोलणार का, असं विचारल्यावर सर काळ्या सुटात उठले आणि माइककडे निघाले. मिलिंददादा इतके थकले होते, की त्यांनी मान वर केली नाही. मी कधी उठले, आठवत नाही. मी त्या माणसाच्या वाटेत उभी होते.

“तुम्ही बोलायचं नाही.”

“वहिनी, ही वेळ आहे का?”

“हीच आहे. दोन वर्षं माझी पत्रं कुठे जात होती आणि माझे पैसे कुठे गेले, ते आधी इथे सांगा. मग ताईंबद्दल बोला.”

ते आजूबाजूला बघून ओशाळं हसले आणि दाराकडे वळले. मागाहून एक-दोघी येऊन म्हणाल्या, बरं केलंस. मला त्या कौतुकाची शिसारी आली. ज्या बाईला या एका वाक्याची गरज होती, ती तेव्हा पेटीत होती.

त्या आठवड्यात मी तक्रार दिली, माझ्या नावानं. सातांतल्या आणखी दोन घरांनीही दिली. बाकीच्यांचे फोन लागत नाहीत. पुढे काय होईल, ठाऊक नाही.

गेल्या शनिवारी ताईंच्या गॅरेजमध्ये गेले होते. लोकांच्या फायली परत करायला मिलिंददादांना मदत हवी होती. टेबलावरचा फोन वाजला. दुसऱ्या शहरातून, जॉन्सनव्हिलहून, एक मुलगी बोलत होती, नवऱ्याचं घरं रंगवण्याचं काम, कुणीतरी त्यांना मोठ्या कर परताव्याचं आमिष दाखवत होतं आणि त्यासाठी लॉगिन मागत होतं. तिला ताईंचा नंबर मैत्रिणीनं दिला होता. ताई आता नाहीत, असं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, “मग आता आम्ही कुणाकडे जायचं, काकू?” ओळखीची दहा नावं माझ्या ओठांवर आली. एकही सांगवेना. मी ताईंच्या खुर्चीत बसले, म्हटलं, “कॉम्प्युटर उघड.” दोघींनी मिळून नोंदणी असलेली तीन नावं काढली आणि कुणाला काय विचारायचं, ते मी तिला लिहून घ्यायला लावलं. तासभर गेला.

फोन ठेवला तेव्हा मिलिंददादा चहाचे कप घेऊन दारात उभे होते. “महिनाअखेर ही लाइन बंद करणार होतो,” ते म्हणाले.

“नका करू,” मी म्हणाले. “मला टॅक्समधलं काही कळत नाही. पण माणूस कुठे फसतो ते कळतं. शनिवारी मी येत जाईन.”