मंगळवारचं बिनिग्नित

आमच्या गल्लीत घड्याळं दुरुस्त करतो मी, आणि वेळ सांगते नांग सिमांग. हा अन्याय मी कित्येक वर्षं सोसतो आहे. तिची खानावळ माझ्या टपरीसमोरच आहे, फिलिपिन्सच्या सेबू शहरात, मोठ्या बाजाराच्या मागे. भात, तळलेले मासे, डुकराच्या मटणाचा रस्सा, आणि तोंडी लावायला फुकटची दटावणी. नांग म्हणजे ताई, आणि मी तिचा दोंग, म्हणजे धाकटा भाऊ. तिच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा तिला नांगच म्हणतात, कारण तिच्या हातात कायम डाव असतो.

सरकारला कुठला कागद कधी द्यायचा, हे सगळी गल्ली तिलाच विचारते. कॅलेंडर तिच्याकडे आहे, पण ते भाताच्या टोपावर झाकायला. तिचा हिशेब सणांचा. जानेवारीत बाळ येशूच्या मिरवणुकीचे ढोल वाजायला लागले की दुकानाचा परवाना नवा करायचा. नोव्हेंबरात कबरींवरच्या मेणबत्त्या विझल्या की तिमाहीचा कर. आणि सगळ्यांत मोठा, वर्षाचा प्राप्तिकर, तो गुड फ्रायडेचं बिनिग्नित खाल्लं की.

बिनिग्नित म्हणजे रताळी, कोनफळ, अळकुड्या, केळी, साबुदाणा, सगळं नारळाच्या दुधात रटरटवून केलेली खीर. गुड फ्रायडेच्या उपासाला गल्ली या खिरीवरच जगते. सिमांग मोठं पातेलं चढवते आणि वाटी हातात देताना दम भरते, "खा, आणि सोमवारी कर भर. नाहीतर पुढच्या वर्षी वाटी बंद." दंडाला कोण भितो? पण वाटी बंद व्हायची भीती खरी. त्यामुळे आमच्यात कधी कुणाला दंड झालेला नव्हता, आणि सिमांगच्या शब्दाला बिशपच्या खालोखाल मान होता.

यंदा ईस्टर उशिरा आला. गुड फ्रायडे दर साल मागेपुढे सरकतो, सरकारची पंधरा एप्रिल जागची हलत नाही, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. शेवटच्या तारखेचा सरकारी कापडी फलक महिनाभर माझ्याच टपरीवर बांधलेला होता. तो उन्हासाठी आहे असं मी समजत होतो.

पवित्र आठवड्यातल्या मंगळवारी सकाळीच सिमांग रताळी आणायला गेली. शुक्रवार जवळ आला की भाव चढतात म्हणून. परत आली ती धापा टाकत, आणि पिशवी माझ्या टेबलावर आपटली.

"दोंग, आज तारीख काय रे?"

सिमांग मला तारीख विचारते! मी आरामात चार घड्याळं पाहिली. "पंधरा."

"मेले! अरे, बँकेसमोर ही रांग. मला वाटलं फुकट तांदूळ वाटतायत. पहारेकरी म्हणतो, प्राप्तिकराचा आज शेवटचा दिवस."

"पण शुक्रवार तर अजून यायचाय."

"तेच तर सांगतेय, मेल्या!"

तिने गल्लीभर आरोळी दिली. कागद सगळ्यांचे भरून सिमांगकडे तयार होते, फक्त पैसे घेऊन बँकेत जायचं होतं. पण कुणी हलेना. चाव्या बनवणारा तेबान गावी जाणाऱ्या बोटीचं तिकीट दाखवत हसला.

"परीक्षा बघतेस काय, नांग? वाटीआधी कर भरायचा आणि तू वाटी बंद करायची! आम्ही एवढे खुळे नाही."

मी तिला हळूच म्हटलं, "सरळ सांग ना, की तुझा नियम चुकला."

"तुझं तोंड चुकलं. नारळ खवायला बस."

'चुकले' हा शब्द तिच्या तोंडून कुणी ऐकलेला नव्हता. तिचा नवरा बिचारा न ऐकताच गेला. मी मुकाट्याने नारळ खवायला बसलो. बाईने पातेलं चढवलं आणि तासाभरात कोनफळाचा जांभळा वास प्रत्येक दुकानात शिरला. पहिली धावत आली मेणबत्त्या विकणारी चोलेंग. ती चर्चच्या पायरीलाही विचारून पाय ठेवते.

"मंगळवारी बिनिग्नित! अगं, प्रभूला अजून अटकसुद्धा झाली नाही!"

"त्यांना गुरुवारी होईल. तुला उद्याच होईल. खा आणि पळ बँकेत!"

चोलेंगने क्रूसाची खूण केली, वाटी संपवली आणि पळाली. मग तेबान, मग न्हावी, मग सगळी रांगच लागली. ज्याने वाटी चाटली त्याच्या हातात सिमांग त्याचे कागद कोंबत होती. माझी वाटी सगळ्यांत शेवटी, कारण नारळ मीच खवत होतो.

"चल ना तूपण," मी म्हटलं.

"तळाला लागेल रे. तू हो पुढे, आलेच."

बँकेच्या खिडकीवर मी शेवटचा होतो. पावती घेऊन वळलो तर काचेबाहेर सिमांग, एप्रन तसाच, कपाळावर साबुदाण्याचा एक दाणा. तिच्यासमोर पहारेकऱ्याने जाळी खाली ओढली. मी आतून त्याला हातवारे केले, पण बँकेची वेळ संपली होती. मला फार वाईट वाटलं. सगळ्या गल्लीत दंड झाला तो एकट्या सिमांगला.

सिमांगला अशी सोडून गावी कसं जायचं, म्हणून तेबानने बोटीचं तिकीट दुसऱ्याला देऊन टाकलं. शुक्रवारी सिमांगची चूल थंड होती. "यंदाचं झालं की," म्हणाली आणि दार लोटून बसली. तेव्हा तिचंच पातेलं मागच्या दाराने आणून आम्ही बिनिग्नित केलं. चोलेंगने साखर दोनदा घातली, न्हाव्याने रताळी न सोलताच टाकली, आणि तळाला लागलं ते निराळंच. वाटी घेऊन आम्ही सगळे तिच्या दारात उभे राहिलो.

तिने एक चमचा तोंडात घातला आणि डोळे मिटले. आता डाव फेकून मारणार म्हणून तेबान माझ्या मागे लपला. पण तिने वाटी तळापर्यंत संपवली.

"सरकारचा दंड परवडला," ती म्हणाली. मग वाटीतच बघत म्हणाली, "चुकले रे मी."

कुठे बघावं ते कुणालाच कळेना. शेवटी तेबानच माझ्या मागून बोलला, "अजून वाढू, नांग?"

"नको. एका चुकीला एकच वाटी."