स्प्लॅश मास्तर

माणसाने एका शब्दावर किती जीव टाकावा याला काही मर्यादा असते. आमच्या इंग्रजीच्या मास्तरांना ती नव्हती. एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षं. इंदापूरच्या शाळेत ते मॅट्रिकच्या वर्गाला शिकवत. अंगात कोट, खाली धोतर आणि कोटाच्या खिशात दगडाचे खडे. टेबलावर पाण्याची बादली ठेवून ते वरून खडा सोडत आणि कान तिरपा करून विचारत, "काय झालं?" वर्ग एका सुरात ओरडे, "स्प्लॅश!" सारं गाव त्यांना स्प्लॅश मास्तर म्हणायचं, आणि याचा त्यांना चक्क अभिमान होता.

अर्थ मराठीत सांगायला सक्त मनाई. मी एकदा 'पाणी उडणे' म्हणालो, तर अंगावर आले. "नुसतं पाणी उडून भागत न्हाय. काहीतरी पडलं पायजे, आवाज झाला पायजे, शिंतोडा अंगावर आला पायजे. तिन्ही एकदम! आपल्याकडं बघ. बारका दगड पडला, डुबुक्. बेडूक पडला, चुबुक्. म्हस पडली, धबाक्. इंग्रज बिचारा गरीब. त्याच्याकडं समद्याला एकच शब्द. म्हणून तो जपून वापरायचा." आणि हे सांगणारा माणूस तो ऊठसूट वापरायचा!

मी कपाळावर हात मारून घ्यायचो. वालचंदनगरला कारखान्यात कारकून व्हायचं तर मॅट्रिक पास लागत होतं, आणि इंग्रजी सोडलं तर माझं कुठेच अडत नव्हतं. धडे मागे राहिले, अर्ज कसा लिहायचा ते राहिलं. स्प्लॅश तेवढा पक्का झाला. पेपरात तो आलाच नाही. मी इंग्रजीत आपटलो.

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला सरळ विहिरीवर मोट हाकायला उभं केलं. दुसऱ्याच दिवशी मास्तर सायकलवरून आमच्या विहिरीवर हजर. ते राहायला पळसदेवला, आमचं रान त्यांच्या वाटेवर.

"आबा, पोराला आणखी एकदा बसू द्या. मी हितंच येऊन शिकवतो."

"शिकवा की," आबा म्हणाले, "पर मोट थांबाय न्हाय पायजे. आन ह्या खेपेला गेला, तर पुन्यांदा शाळंचं नाव काढायचं न्हाय."

मग सुरू झाला छळ. बैल धावेच्या उतारावरून निघाले की मी नाड्यावर, म्हणजे मोटेच्या ताणलेल्या दोरावर, बसून इंग्रजी वाक्य म्हणायचं. मोट वर येऊन काठावरच्या दगडी थारोळ्यात रिकामी होईपर्यंत ते पुरं झालं पाहिजे. चुकलं की पुढच्या मोटेला पुन्हा तेच. मी आणि बैल, दोघेही टेकीला यायचो. मास्तर लांब बाभळीखाली बसून चुका ओरडून सांगायचे. विहिरीच्या काठाशी ते कधी आले नाहीत, कारण पाण्याची त्यांना भयंकर भीती. जन्म भीमेच्या काठावर गेला, पण आंघोळ पायरीवर बसून तांब्याने! आणि असा माणूस जगाला स्प्लॅश शिकवणार.

"मोट भरून येतीया मास्तर, पोरगं रिकामंच," आबा बांधावरून म्हणायचे.

"येईल, आबा. झरा हाय."

थारोळ्यात पाणी कोसळलं की त्यांचं ठरलेलं, "ऐक! स्प्लॅश!"

"सर, तो पेपरात येत नाही."

"कानात तर येतो?"

मी हात टेकले होते. पण अर्ज, निबंध, काळ, सगळं त्या धावेवरच माझ्या तोंडी बसलं. उन्हातान्हातून हा माणूस रोज का येतो, हेही मला कळत होतं.

ते पळसदेव पुढे धरणाच्या पाण्याखाली गेलं. मास्तर त्याआधीच गेले. त्यांची आठवण आली की अजून आधी राग येतो आणि मग डोळे भरतात.

दुसऱ्या खेपेला वर्तमानपत्रात माझा नंबर दिसला, तसा मी सायकल हाणत पळसदेव गाठलं. मास्तर घाटावर बसले होते. सुटी होती तरी अंगात कोट.

"सर, पास झालो!"

मास्तरांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला, उठले आणि कोट-धोतरासकट त्यांनी घाटाखालच्या डोहात उडी टाकली.

मी नखशिखान्त भिजलो. मास्तर खाली गेले, वर आले, परत खाली गेले. चष्मा पायरीवर ठेवून मी मागोमाग उडी घेतली आणि कोटाची कॉलर धरून त्यांना कसंबसं काठाला ओढलं. खोकता खोकता त्यांचा पहिला प्रश्न, "काय झालं?"

"स्प्लॅश, सर, स्प्लॅश!" मी रडकुंडीला येऊन ओरडलो. "पण तुम्हाला पोहता येत नाही, हे तरी ध्यानात होतं का?"

"व्हतं की," नाकातोंडातलं पाणी पुसत मास्तर म्हणाले. "पर तू हायस न्हवं?"